म्हशीच्या गळ्यातलं शिंग

मी महाडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतली मावशी बरीच वर्षं आमच्या घरी तूप आणून देते. एकदा ती कॉलेजातच आली आणि तिने कनवटीचं बोटभर लांबीचं दगडी शिंग काढून माझ्यापुढे ठेवलं. जहाजावर कामाला असलेल्या तिच्या दिराने ते परदेशातून आणलं होतं. दृष्ट लागू नये म्हणून तिने ते म्हशीच्या गळ्यात बांधलं आणि तेव्हापासून म्हैस दोनदा गाभडली.

“कसल्या जनावराचं हाय, बघा ना सर.”

नुसत्या आकारावरून ओळख सांगणाऱ्यांची मला चीड आहे. शिंगाच्या आकाराची प्रवाळंही असतात, आणि प्रवाळाचं कूळ आतल्या पडद्यांवरून ठरतं, हे मी पोरांना ओरडून सांगत आलोय. तिला विचारून मी ते शिंग आडवं कापलं, घासलं, वर पाण्याचा थेंब टाकला. आडव्या कापलेल्या लिंबासारखे पडदे दिसू लागले. आजच्या प्रवाळांत नवे पडदे सहा भागांत फुटतात. इथे ते चारच जागी फुटले होते.

“मावशी, हे शिंग नाही. समुद्रातल्या जिवाचा सांगाडा आहे, डायनोसॉरच्याही आधीचा.”

“त्याच्या वंशाचं कोण हाय आता?”

“कुणीच नाही!” मी उत्साहाने म्हणालो. “अख्खं कूळच संपलं.”

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. निर्वंश झालेल्या घरातली वस्तू त्यांच्या वाडीत कुणी गोठ्यात नेत नाही. थेंब सुकत चालला होता आणि पडदे एकेक करून दगडात परत जात होते.

“तुमच्याकडंच राहू दे, सर,” ती अगदी मायेने म्हणाली. “तुम्हाला पोरबाळ नाय. तुमच्या घरात चालंल.”