मेम्ब्रेनचं पाणी आणि साहेबांचे मासे

“मासे गेले! मासे गेले म्हणजे आपण गेलो!”

काळे साहेब वाळूजमध्ये ओरडले आणि तिकडं मुकुंदवाडी स्टेशनवरची पॅसेंजर घाबरून चक्क वेळेवर सुटली. त्यांच्या कंपनीला मेम्ब्रेन बसवून देणारा मी धावत पोचलो.

साहेब औषध कंपनीचे प्लांट हेड. सांडपाणी साफ होऊन जिथं बाहेर पडतं, तिथं त्यांनी काचेच्या टाकीत मासे पाळलेले. पाहुण्याला आधी मासे दाखवायचे, मग चहा पाजायचा, हा त्यांचा नियम. दुसऱ्या दिवशी कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक येणार होतं. आणि मासे आडवे. कल्ले तेवढे हलत होते.

“तुमचं मेम्ब्रेन औषध सोडतंय! संध्याकाळपर्यंत मासे पोहले नाय, तर उपटून भंगारात देतो!”

मेम्ब्रेन म्हणजे गुंडाळी करून नळीत बसवलेला पातळ पडदा. साध्या प्रक्रियेत जिवाणू घाण खातात. पण सांडपाण्यात उतरलेलं औषध त्यांनाच गार करतं आणि पुढं निघून जातं. पडद्याची छिद्रं मात्र इतकी बारीक, की त्यातून सुईचा विचारसुद्धा जाणार नाही. पंपानं दाब दिला की पाणी पलीकडं, औषध अलीकडं.

लॅबमध्ये नमुना दिला. औषधाचा मागमूस नाही. मग क्षार मोजायचं मीटर बुडवलं. काटा शून्यावरून हलेना. मीटर बदललं, तरी तेच. माझ्या अंगावर काटा आला. काढ्यासारखं काळं पाणी या पडद्यानं इतकं धुतलं होतं की त्यात मीठही उरलं नव्हतं! आणि थोड्या क्षारांशिवाय मासा तग धरत नाही.

“पण कालपर्यंत तर मजेत होते,” मी म्हणालो.

“काल आधा पुराना पानी था ना,” ऑपरेटर सलीमभाई म्हणाले. “साब बोले, मेहमान आरे, पूरा निकालके एकदम शुद्ध भरो.”

साहेब छताकडं बघू लागले.

क्रांती चौकातल्या माशांच्या दुकानातून क्षारांची पुडी आणली. पाणी तेच ठेवलं, पुडी हळूहळू सोडली. शिफ्ट सुटायच्या भोंग्याला एक मासा सरळ झाला, मग दुसरा. सलीमभाईंनी टोपी काढली. मी तर टाकीला नमस्कारच केला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे काचेला नाक लावून उभे. “कमाल आहे! इतक्या शुद्ध पाण्यात मासे जगतात?”

काळे साहेब म्हणाले, “मीठ टाकावं लागतं.”