दुसऱ्या पसंतीचं घर

पदवीधर मतदारसंघाची मतमोजणी करून आलेल्या माणसाच्या हाती घरातला कुठलाही निर्णय देऊ नये.

ती मोजणी मी नोकरीत असताना केली होती. पत्र्याच्या गोदामात, एका टेबलाभोवती आम्ही चार कारकून. साध्या निवडणुकीत ज्याला जास्त मतं तो निवडून येतो आणि बाकीचे घरी जातात. इथे तसं नसतं. इथे मतदार उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे लिहितो. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर सगळ्यांत कमी मतांचा उमेदवार बाद करायचा, त्याच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती कोणाला आहे ते पाहायचं आणि त्या त्याच्या गठ्ठ्यात नेऊन टाकायच्या. मग पुन्हा शेवटचा बाद. मग पुन्हा. मी सकाळी आत गेलो आणि बाहेर आलो तेव्हा दुसराच दिवस उजाडला होता. (चहा मात्र आदल्याच दिवसाचा होता.) त्या शिणवट्यातून मी एवढीच समजूत घेऊन घरी आलो, की जगात याहून न्याय्य पद्धत नाही.

निवृत्तीनंतर ही समजूत आम्हाला भोवली. आमची पेठेतली इमारत पुनर्विकासाला गेली. लिफ्ट नाही, पाणी वेळेवर नाही, तेव्हा इमारत पाडायला कोणाचीच हरकत नव्हती. प्रश्न एवढाच होता, की नवी होईपर्यंतची तीन वर्षं भाड्याने राहायचं कुठे? बिल्डरने जागा खाली करायची तारीख दिली आणि आमच्याकडे रोज जेवताना भांडणं सुरू झाली.

मुलगा केदार आणि सून ऋचा दोघंही खराडीला नोकरी करतात. त्यांचं निम्मं आयुष्य रस्त्यावर जातं, म्हणून त्यांना खराडी हवी. बायकोची, म्हणजे सुनंदाची, बहीण विश्रांतवाडीला राहते, म्हणून तिला विश्रांतवाडी. आणि आईला पेठ. आई ऐंशीच्या पुढची. तिचे डॉक्टर पेठेत, देऊळ पेठेत, न मागता कोथिंबीर टाकणारी भाजीवाली पेठेत आणि संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसणाऱ्या तिच्या चार मैत्रिणी पेठेत. "मला काय, कुठेही न्या," असं ती म्हणे आणि आत जाऊन बसे. तिला पेठेतून हलवलं तर ती खचेल, हे मला दिसत होतं. खरं सांगायचं तर मलाही तिथून हलायचं नव्हतं. पण साठी उलटलेल्या पुरुषाने हे बोलून दाखवलं, तर घरातल्या बायका फार प्रेमाने बघायला लागतात आणि ते सहन होत नाही.

दोन आठवडे असे गेल्यावर मी मतदान जाहीर केलं. ऋचा म्हणाली, "बाबा, फॅमिली ग्रुपवर पोल टाकू ना, दोन मिनिटांत होईल." मी तिला समजावलं, की पोलमध्ये ज्याची मतं वाया जातात त्याचं दुःख कोणी बघत नाही. माझ्या पद्धतीत कोणाचंच मत वाया जात नाही, ते पुढे सरकतं. "कुठे सरकतं?" आईने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या दुसऱ्या पसंतीकडे. ती म्हणाली, "या वयात दुसरी पसंती कुठून आणू?"

उमेदवार तीनच होते, पण एका मित्राचा मांजरी गावातला फ्लॅट रिकामा पडून होता आणि तो रोज फोन करत असे. त्याला तोंड दाखवता यावं म्हणून मी मांजरीलाही उभं केलं. कोणाचं तिथे कोणी नव्हतं. अशा उमेदवाराचं डिपॉझिट जप्त होतं, एवढाच त्याचा उपयोग.

आता माझी हुशारी. मीच निवडणूक अधिकारी. मी पहिली पसंती पेठेला दिली असती, तर सुनंदा म्हणाली असती, की मोजणाराच आईच्या बाजूचा. म्हणून मी निःपक्षपणे पहिली पसंती मांजरीला द्यायची ठरवली आणि दुसरी पेठेला. सुनंदाचं विश्रांतवाडीचं बोलणं हे नुसतं बोलणं, आतून ती पेठेचीच, असा माझा अंदाज. (तीस वर्षांच्या संसारानंतरही नवऱ्याला असे अंदाज असतात!) म्हणजे पेठेला दोन, खराडीला दोन, मांजरीला माझं एक. मांजरी बाद, माझं मत सरकून पेठेत, पेठेला तीन. आई पेठेत राहणार आणि माझ्यावर आळ नाही.

मतदान फ्रिजच्या आड झालं. मतपेटी म्हणून शंकरपाळ्यांचा डबा घेतला आणि तो रिकामा असल्याचं सर्वांना दाखवलं. तळाशी एक शंकरपाळं निघालं. केदारने पंचनाम्याची मागणी केली आणि ते खाल्लं. खऱ्या निवडणुकीत देतात तसं जांभळं स्केचपेनही मी आणलं होतं. आईने पहिल्या मतपत्रिकेवर सवयीने वर 'श्री' लिहिलं. ओळख पटेल अशी खूण असली की मत बाद होतं, म्हणून मी तिला दुसरी मतपत्रिका दिली. तिने तिच्यावरही 'श्री' लिहिलं. तिसऱ्या वेळी मी फ्रिजजवळ उभा राहून नुसतं "आई" एवढंच म्हणत राहिलो. निकाल काहीही लागला तरी पाळायचा, असं मी सगळ्यांकडून आधीच कबूल करून घेतलं होतं.

मोजणीला बसलो. निवडून यायला किती मतं लागतात ते मी रीतसर काढलं: पाचाला दोनाने भागायचं, त्यात एक मिळवायचा, अपूर्णांक सोडून द्यायचा. ऋचा म्हणाली, "म्हणजे तीन." मी म्हटलं, हो, पण ते असं काढतात.

खराडीला दोन. पेठेला एक. विश्रांतवाडीला एक. मांजरीला एक. मी सुनंदाकडे पाहिलं. ती शांतपणे शेंगा सोलत होती. ती खरोखरच विश्रांतवाडीची निघाली होती.

आता शेवटच्या जागेवर तिघे सारखे. अशा वेळी चिठ्ठी टाकायची आणि जिचं नाव निघेल ती जागा बाद करायची, असं मी सांगितलं. तीन चिठ्ठ्या वाटीत टाकल्या आणि घरातली सगळ्यांत मोठी म्हणून आईपुढे धरल्या. तिने देवाकडे तोंड करून हात जोडले, एक चिठ्ठी उचलली आणि उघडली. तिचा चेहरा उजळला.

"पेठ निघाली," ती म्हणाली. "म्हटलं नव्हतं, देवाच्या मनात असेल तेच होईल."

माझं सांगणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. जिची चिठ्ठी निघते ती जागा जिंकत नसते, पडत असते, हे तिला पुन्हा सांगायचं काम निवडणूक अधिकाऱ्याचं होतं. मी सांगितलं. तिने चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा वाटीत ठेवली आणि म्हणाली, "असं होय."

मी घाईने तिची मतपत्रिका उघडली. निदान दुसरी पसंती तिला मनासारखी मिळावी. दुसरी पसंती होती मांजरीला.

मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, मांजरी तू उभी केली होतीस ना, तुझ्या उमेदवाराला कोणीच काही दिलं नाही तर बरं दिसणार नाही. मांजरी दोन झाली. खराडी दोन. विश्रांतवाडी एक, म्हणजे ती बाद. मी सुनंदाची मतपत्रिका उलगडली आणि तिच्या दुसऱ्या पसंतीवर बोट ठेवलं. तिथेही मांजरी.

"अहो, दुसरी पसंती लिहायलाच हवी असं तुम्हीच बजावलंत," ती म्हणाली. "खराडी लिहिली तर खराडी येईल. पेठ लिहिली तर तुमचे ते जिने. मांजरीला कोण मत देतंय, म्हणून मांजरी लिहिली."

मांजरी तीन. विजयी.

फेरमोजणी मागायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती मीच केली. पाच कागद पुन्हा मोजले. पुन्हा मांजरी. मग तिथेच बसून मी माझं मत बदलून मनातल्या मनात पुन्हा मोजलं. माझी पहिली पसंती सरळ पेठेला असती, तर पेठेला दोन झाली असती. मांजरी शून्यावर बाद. मग सुनंदाचं एक मत शेवटी सरकणार होतं आणि तिने तिसऱ्या पसंतीला खराडीच्या वर पेठ लिहिली होती. पेठ निवडून आली असती. मी नुसतं खरं मत दिलं असतं तरी आई पेठेत राहिली असती.

गंमत म्हणजे बाकी कोणाला फार वाईट वाटलं नाही. केदार म्हणाला, खराडी नाही तर नाही, पेठेपेक्षा जवळ तरी आहे. सुनंदाला मित्राच्या इमारतीत लिफ्ट असल्याचं कळलं आणि तिचा आवाजच बदलला. दोन आठवडे भांडून सगळे इतके थकले होते, की काहीतरी ठरलं यातच त्यांना सुख होतं. एकटी आई उठून आत गेली आणि देव्हाऱ्यातली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली.

मी तिच्यामागे गेलो. म्हटलं, आई, रद्द करतो. घरातली तर निवडणूक, मी सांगतो सगळ्यांना.

"कशाला?" ती म्हणाली. "तुझा पहिला आकडा मांजरीला होता, मी बघितलं ना. एवढी वर्षं माझ्यासाठी पेठेत अडकून पडलास आणि कधी बोलला नाहीस. आता तुझ्या मनासारखं होतंय तर होऊ दे."

खरं सांगायचं तर तिला सांगावं लागलं असतं, की तिने आपली पेठ ज्याच्यासाठी सोडली, ते मला कधी हवंच नव्हतं. ते मला जमलं नाही. मी समईला कागद गुंडाळला.

आता आम्ही मांजरीला राहतो. समोर थोडा ऊस उरलाय, बाकी इमारती आहेत. आई गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि अधूनमधून माझ्याकडे बघते, मी खूश आहे ना म्हणून. त्यामुळे रोज सकाळी मला तिच्या शेजारी उभं राहून मोठ्या आवाजात म्हणावं लागतं, की काय हवा आहे, काय शांतता आहे, आयुष्यभर अशीच जागा हवी होती मला. मग मी दोन बस बदलून पेठेत जातो, आमच्या पाडलेल्या इमारतीच्या पत्र्यासमोर थोडा वेळ उभा राहतो आणि जेवायला परत येतो.

परवा असाच हवेची स्तुती करून मी चपला घालत होतो, तेवढ्यात सुनंदा आतून म्हणाली, "अहो, आईंनी आज कानाचं यंत्र लावलेलं नाही. ते लावून देते, मग पुन्हा एकदा खूश व्हा आणि जा."