टिपाडांपलीकडची खोली

शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी मोडी लिपी शिकायचे ठरवले आणि ही गोष्ट घराबाहेर कोणाला सांगितली नाही. वर्ग संगणकावरून भरत असे. केजमधील आमच्या घरात संगणक अगदी मागच्या खोलीत ठेवला होता, तो एवढ्यासाठीच, की माझे अडखळत वाचणे कोणाच्या कानी पडू नये.

वर्ग कधी सुरळीत चाले, तर कधी शिक्षकांचा चेहरा बोलता बोलता पडद्यावर थिजून जाई. दोष माझाच असावा, असे मी गृहीत धरले. राऊटर बंद करून पुन्हा सुरू केला, पासवर्ड नव्याने घातला, वायरी काढून परत बसवल्या. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा नेट उत्तम चालले. माझ्याकडून एखादे बटण चुकून दाबले जात असेल, असे तो म्हणाला आणि मी ते मान्यही केले.

तोंडी परीक्षा गुरुवारी सकाळी अकराला होती. पडद्यावर दिसणारे जुने पत्र मोठ्याने वाचायचे. मध्येच संपर्क तुटला तर त्या वर्षी पुन्हा संधी नव्हती. बुधवारी दुपारी नेट गेले, तेव्हा माझा धीर सुटला आणि मी थोरल्या जाऊबाईंना सांगायला गेले. त्या बाहेरची बैठक आणि माझी खोली यांच्या मधल्या बोळीत पाणी भरत होत्या. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा, बुधवारी, पाणी येते. त्या दिवशी बोळीच्या कट्ट्यावरची सात निळी टिपाडे, म्हणजे प्लास्टिकची मोठी पिंपे, काठोकाठ भरतात.

पाइप पुढच्या टिपाडात सोडत त्या म्हणाल्या, "पाणी आलं की तुमचं नेट जातंय, मॅडम. मागल्या बुधवारीबी अशाच तोंड पाडून बसल्या व्हत्या. कावून व्हतंय तसं?"

नेट गेल्याच्या तारखा मी वहीत टिपल्या होत्या. बहुतेक बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मेकॅनिक आला होता तो दोन्ही वेळा मंगळवारी, टिपाडे तळाला गेल्यावर. राऊटर बाहेरच्या बैठकीत होता आणि माझी खोली टिपाडांच्या पलीकडे. पाण्याने भरलेल्या टिपाडांतून वायफाय नीट पार होत नाही, हे मी पुढे वाचले. त्या दिवशी मोबाईल हातात धरून बोळीत चार फेऱ्या मारल्या. टिपाडांच्या एका बाजूला नेट पूर्ण, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच.

पाणी ओतून द्यावे, असे कोणाच्याही मनात आले नाही. राऊटरपासून खोलीपर्यंत पोचेल अशी लांब वायर दुकानदार दोन दिवसांनी देणार होता. उरली बैठक. तिचे दार गल्लीत उघडते आणि सकाळी तिथे शेजारणी निवडण-टिपण घेऊन बसतात. त्या ऐकतील, असे मी कसेबसे म्हणाले.

"ऐकू द्या की. जलमभर लेकरांना उभं करून वाचायला लावलं, तवा त्यांना लाज वाटत नव्हती व्हय?"

संध्याकाळी आम्ही दोघींनी संगणक उचलून बैठकीत आणला.

गुरुवारी दोन शेजारणी मेथीची जुडी घेऊन आल्या. जाऊबाईंनी त्यांना उंबऱ्याशी बसवून गप्प राहायला सांगितले. पत्र एका बैलजोडीच्या व्यवहाराचे होते. पहिली ओळ मी अडखळत वाचली, तिसरीत एका अक्षरावर बराच वेळ थांबले. चित्र एकदाही थिजले नाही. वाचून झाले, तेव्हा परीक्षकांच्या आधी दारातली एकजण बोलली.

"मग ती जोडी दिली का न्हाई त्यानं?"

पत्रात ते नव्हते. मी तसे त्यांना सांगितले आणि मग परीक्षकांकडे वळले.

मी उत्तीर्ण झाले. लांब वायर अजून आणलेली नाही. संगणक बैठकीतच आहे.