डॉक्टरांनी विचारलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांना नाही, ज्यांच्याबरोबर पत्रकं वाटत फिरलो त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही माझं काही वाचलं असेल, तर माझ्याबद्दल तुमचं मत बरं असेल — कदाचित तेच मला सहन होत नाही.

आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं फार. बाबा युनियनवाले. छापायचं हिंदीत, कारण इंदूर हिंदीत वाचतं. आणि त्यावर भांडायचं मराठीत, कारण घर मराठी. चुकीच्या गोष्टीपुढे गप्प बसायचं नाही, एवढं एकच मला शिकवलं गेलं. मी ते फार चांगलं शिकलो — निदान दुसऱ्यांच्या बाबतीत.

चार वर्षांपूर्वी मी एक पत्रक लिहिलं. विषय होता दुर्बीण — तोंडातून नळी घालून जठर आतून बघतात ती. साध्या जळजळीसाठीही लोकांना घाबरवून ही तपासणी गळ्यात मारतात, असं मी लिहिलं. ते सगळं खोटं नव्हतं. आजही मी तसं म्हणेन — पण मी काय म्हणतो याला आता काय अर्थ आहे?

पत्रक गाजलं. आणि त्याच पंधरवड्यात आत्याचं पोट दुखायला लागलं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, जुनी इंदूर या वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत आमच्याबरोबरच राहायची. सरकारी दफ्तरात नोकरी. तिथे ती साहेबाला अस्सल इंदुरी हिंदीत असं सुनवायची की सगळं दफ्तर मान खाली घालायचं. दोन घास खाल्ले की तिला पोट भरल्यासारखं व्हायचं. वर, छातीच्या खाली, जळजळ. ओवा झाला, हिंग झाला, इसबगोल झालं. मग तिने शेव सोडली. इंदुरात माणूस पोह्यावरची शेव सोडतो, तेव्हाच घरच्यांनी घाबरायला हवं. आम्ही म्हटलं, चला, अक्कल आली.

दवाखान्यात तिला मी घेऊन निघालो. वाटेत चहाच्या ठेल्यावर थांबलो, तर ठेलेवाला मोठ्याने म्हणाला, “क्यों भिया, अब बुआजी को भी दुर्बीन डलवाओगे? फिर परचा वापस ले लो!” सगळे हसले. आत्याही हसली. मीही हसलो — पण ते मला लागलं. किती लागलं, ते पुढे कळेल तुम्हाला.

पुन्हा स्कूटरवर बसल्यावर ती मागून माझ्या कानाशी म्हणाली, “ऐक ना, एक सांगायचंय. शी काळी होतेय रे. डांबरासारखी. तूच सांग त्यांना, मला नाही बोलता येणार.”

हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण आमच्यासारख्या घरांत असंच आहे. बाहेरचं सगळं हिंदीत, आणि शरीराचं, संडासाचं फक्त मराठीत, तेही हळू आवाजात. परक्या पुरुषासमोर हे शब्द हिंदीत उच्चारायचे म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं. म्हणून बरोबर आलेल्याने सांगायचं. तिने तिचं तोंड माझ्याकडे सोपवलं होतं. असं म्हटलं तर चालेल ना?

मला डॉक्टर लुटारू हवा होता. तो तसा निघाला नाही. त्याने मशीनकडे बोट दाखवलं नाही, प्रश्न विचारले. खाण्याआधी दुखतं की नंतर? घास अडकतो का? उलटी? वजन? तिला आडवी करून पोट दाबून पाहिलं. साधी अ‍ॅसिडिटी, जठरातला अल्सर, पित्ताशयातले खडे — सगळं जवळपास एकाच जागी दुखतं, तो सांगत होता. वेगळं ओळखायचं ते पेशंटच्या उत्तरांवरून. मग त्याने विचारलं, “लैट्रिन का रंग? काला तो नहीं? डामर जैसा?”

तिचाच शब्द. अगदी तोच.

आत्याने माझ्याकडे पाहिलं.

आणि मी — मी म्हणालो, “नहीं डॉक्टर साहब. नॉर्मल है.”

हेच ते. विसरलो नव्हतो. गोंधळलो नव्हतो. काळा रंग म्हणजे वर कुठेतरी रक्त झिरपतंय, आणि ‘हो’ म्हटलं की पुढचा शब्द दुर्बीण, हे मला ठाऊक होतं — पत्रकासाठी मी एवढं वाचलेलं होतं. त्या क्षणी मला आत्याचं जठर दिसलं नाही. मला ठेलेवाला दिसला.

डॉक्टर म्हणाला, मग आज स्कोप नको, दोन आठवडे गोळी घ्या. फरक पडला नाही किंवा रंग काळा दिसला, तर ताबडतोब या. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, “सुटले बाई.” मी तिला लाजेपासून वाचवलं, असं तिला वाटलं असावं.

गोळीने जळजळ थांबली. रंगाचं मी पुन्हा विचारलं नाही. का विचारलं असतं? उत्तर मला माहीत होतं. उलट, पुढच्या पत्रकात मी लिहिलं — माझी स्वतःची आत्या बघा, दुर्बिणीशिवाय, साध्या गोळीने बरी झाली. ते पत्रक तिने दफ्तरात वाटलं. कौतुकाने.

पाचव्या महिन्यात अन्न आत राहीना. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. दुसऱ्या दवाखान्यात दुर्बीण झाली, तुकडा काढून तपासायला गेला. जठराचा कॅन्सर, पसरलेला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, शौचाचा रंग काळा कधीपासून? या वेळी आत्या स्वतः बोलली, हिंदीत, स्पष्ट: “छह महीने से.” एकदाही अडखळली नाही.

पहिल्याच दवाखान्यात कळलं असतं तर ती वाचली असती का? नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. या वाक्याच्या आडोशाला मी पुष्कळ दिवस बसलो. नातेवाईक म्हणायचे, पहिल्या डॉक्टरने दुर्बीण सांगायला हवी होती. मी म्हणायचो, हो, त्याने सांगितलीच नाही. शब्दशः खरं होतं ते.

ती गेली त्याच्या आठवडाभर आधीची दुपार. घरात आम्ही दोघंच. मी तिला चमच्याने पाणी देत होतो. ती म्हणाली, “माझंच चुकलं रे. तू लहान, तुला काय कळणार होतं? मी तोंड उघडायला हवं होतं. उगीच लाजले.” आणि माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलावं म्हणून बघत होती. तेव्हा सांगता आलं असतं. वेळ होता. दार बंद होतं. तिला सगळं ऐकू येत होतं.

मी म्हणालो, “जाऊ दे, आत्या. होतं असं माणसाकडून.”

मी तिला माफ केलं. तिने माझा हात धरला, आणि तिला बरं वाटलं.