समोरची दांडी

सौंसरच्या मिस्त्रीने माझ्या जुन्या जीपचा गियरबॉक्स उघडला, तसा जळक्या तेलाचा वास आला. त्या सकाळीही असाच वास होता. बाबांच्या छातीत कळ आली होती. त्यांना मागे निजवून मी संत्र्याच्या बगिच्यातून पांढुर्ण्याच्या दवाखान्याकडे निघालो आणि नाल्याच्या काळ्या चिखलात फसलो. गियरजवळच्या दोन दांड्यांपैकी बाबा समोरच्या चाकांची आधी ओढत, मग जोर वाढवणारी. मी जोराचीच आधी ओढली. सगळा भार मागच्या चाकांवर आला अन् एक्सल कडकन तुटला. "आधी समोरची लावाची असते, बापू. घाई करून राहिला तू," एवढंच ते बोलले, शेवटचं. "कोरड्या डांबरीवर समोरची दांडी कोण लावते, भाऊ? त्यानंच तर गियर जळले ना?" मिस्त्री विचारत होता. ती मी तेव्हापासून काढलीच नाही.