शेवट न पाहिलेला भाग

आज कपाट आवरताना टीव्हीवर घालायचं जुनं भरतकामाचं कापड हाती आलं, आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी मी पवनी गावातल्या आमच्या जुन्या घरी पोचले.

तेव्हा, नातवंडांनो, तुमची आई सात वर्षांची होती. रविवारी सकाळी खिडक्या लावून आम्ही एका गुप्तहेराची मालिका बघायचो. तिच्यात शेवटी भुताचा मुखवटा उतरायचा आणि आतून माणूस निघायचा. त्या भरवशावर ती भुताच्या म्हणवल्या जाणाऱ्या चिंचेखालून एकटी शाळेत जाऊ लागली होती. पुढे गुप्तहेराच्या मदतनिसाची वेगळी मालिका निघाली. तिच्यात आधी माणसंच निघाली, मग हळूहळू मुखवटे उतरेनासे झाले.

एका रविवारी टीव्हीवर दाराच्या फटीतून एक पांढरा हात आत आला आणि नेमकी वीज गेली. अंधारात तुमच्या आईची नखं माझ्या मनगटात रुतली.

मालिका बघायला आलेल्या शेजारच्या जनाबाई पुटपुटल्या, "बाई, हा काई मानूस नाई दिसत मले."

"आई, मानूसच आहे नं?"

"हो. मी पेपरात वाचलं," मी म्हणाले. वाचलं काहीच नव्हतं.

ती हात सोडून अंगणात पळाली. जनाबाईही उठल्या.

"चहा घेऊन जा," मी त्यांना म्हणाले.

"जेवाच्या वेळेले चहा कायले?"

"बसा हो थोडं."

टीव्हीचं बटन चालूच होतं. वीज आली की तो आपोआप उजळणार होता, आणि तेव्हा मला त्या खोलीत एकटीला राहायचं नव्हतं.

भुताच्या आत माणूसच असतो, असं तुमची आई सांगते ना? तिला पेपराचं कळू देऊ नका.