केसाएवढी भेग

वरठीच्या रस्त्यावर साठीचे एक कारागीर मोटारींची अलॉय चाकं रंगवायचे. माझी मुलगी रोज आमची मोटार चालवत नागपूरला जायची. साध्या रंगापेक्षा टिकेल म्हणून मी चारही चाकांना पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा थर, करायला सांगितलं. जुना रंग काढल्यावर त्यांनी डोळे मिटून प्रत्येक चाकावरून अंगठा फिरवला. एका चाकावर तो थांबला. तिथं केसाएवढी भेग होती.

"याले पावडर नाही करत, साहेब. जाड थराखाली भेग लपते."

"मग साधा रंग मारा."

"पोरगी चालवते म्हणता, अन् रंग सांगून राहिले?"

तीन चाकं भट्टीत गेली. भेगेचं चाक त्यांनी मला विचारून हातोड्यानं फोडलं.

"भंगारातून उचलून कोणी रंगवून विकन," ते म्हणाले. "त्या गाडीत बी कोणाची तरी पोरगी बसनच ना."